शंभर कोटी ओहम आणि चिमूटभर कुंकू

आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे डॉ. उदयसिंह सरांना, विज्ञान फोटोपुरतं लागतं आणि देवही फोटोपुरताच लागतो. दोन्ही एकाच फोटोत बसले तर त्यांना एका तिकिटात दोन सिनेमे बघितल्यासारखं होतं. परवाच्या नवरात्रात ते दोन्ही एका फोटोत बसले, आणि त्याखाली मुबशिराचं साडेतीन वर्षांचं काम चेंगरलं.

मुबशिरा नदाफ ही आमची संशोधक विद्यार्थिनी, शिरोळची. मी त्याच प्रयोगशाळेत बावीस वर्षं टेक्निशियन आहे. ती सर्किट कागदावर मांडायची आणि मी ते भिंगाखाली जोडायची, असं आमचं चाललेलं. काम समजायला अवघड नाही. गॅमा किरण एका स्फटिकावर पडला की आत दहा-बारा हजार इलेक्ट्रॉन सुटतात. तेवढेच. ते पकडून मोजायचे. आता मोजणाऱ्या सर्किटातही इलेक्ट्रॉनच असतात आणि ते गप्प बसत नाहीत, आपले आपण इकडंतिकडं पळत असतात. पुस्तकात त्याला नॉइज म्हणतात. आम्ही दोघी कालवा म्हणतो. वर्गात पोरं ओरडायला लागली की आमच्याकडं मास्तर म्हणतात, काय कालवा लावलाय, तो कालवा.

आमचं सर्किट, म्हणजे बोर्ड, घ्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या बंगळूरच्या समितीच्या अटी दोन होत्या. कालवा दोनशे इलेक्ट्रॉनच्या आत आणि वीज पन्नास मिलिवॉटच्या आत. देवघरातला झिरोचा बल्ब जेवढी वीज खातो तेवढ्यात असे तीनशे बोर्ड चालले पाहिजेत. यंत्र एका मोठ्या फुग्याला बांधून आभाळात जाणार होतं आणि वर बॅटरी जाऊन जाऊन किती जाणार. अडचण अशी की वीज कमी केली की कालवा वाढतो, आणि कालवा दाबायला जावं तर वीज वाढते. या दोन्हींच्या मधून मुबशिरानं वाट काढली. ऑगस्टमध्ये बोर्डानं शेहेचाळीस मिलिवॉटवर एकशे अठ्ठेचाळीस इलेक्ट्रॉन दाखवले. त्या दिवशी तिनं मला मिसळ खाऊ घातली आणि स्वतः मात्र नुसता चहा घेतला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी समितीची शेवटची बैठक होती. त्या दिवशी हाच आकडा दाखवला की बोर्ड फुग्यावर जाणार. नाहीतर एका कंपनीचा तयार बोर्ड घेतला जाणार आणि मुबशिराचा प्रबंध जिथल्या तिथं बसणार. तिची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. तिला दुसरी संधी नव्हती, आणि हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही.

सरांचं या बोर्डाबद्दलचं ज्ञान सांगते. फळ्यावर आम्ही ‘कालवा १४८’ लिहून ठेवलं होतं, ते वाचून त्यांनी पाटबंधारे खात्याचं काम कधी घेतलं म्हणून विचारलं. मग मुबशिरानं अर्धा तास समजावलं. त्या अर्ध्या तासातून त्यांनी वर्तमानपत्राला जी बातमी दिली तिचा मथळा होता, ‘कोल्हापुरात बनले आवाज न करणारे गॅमा यंत्र’. दुसऱ्या दिवशी एका माणसानं फोन करून विचारलं, हे आमच्या गिरणीला बसेल का. माणूस बिचारा प्रामाणिक होता. त्याला उत्तर द्यायला मुबशिराला बसवून सर फेटा बांधून घ्यायला गेले, कारण त्यांना कुठल्याशा सत्काराला जायचं होतं.

आता खंडेनवमीचं. हत्यारांची पूजा आमच्याकडं दरवर्षी होते आणि ती मीच करते. पण प्रयोगशाळेत फरशीवर एक पिवळा पट्टा आहे. त्याच्या आत हळदकुंकू येत नाही, पाण्याचा थेंब येत नाही, केसात गजरा घालून कोणी येत नाही. पट्ट्याच्या बाहेर स्टुलावर जुनी सोल्डरगन, चिमटे, भिंग मांडायचे, त्यांना गंधफूल वाहायचं, उदबत्ती व्हरांड्यात. देवीला पट्टा कळतो. कळत नसता तर बावीस वर्षांत एकदा तरी तिनं तक्रार केली असती.

नवरात्राचे नऊ दिवस मी उठल्यापासून दुपारी नैवेद्य होईपर्यंत बोलत नाही. कामावर येते, सगळं करते, फक्त बोलत नाही. सगळ्यांना ते माहीत आहे. सर त्याला ‘ताईंचं म्यूट बटण’ म्हणतात आणि पाहुण्यांसमोर हसतात.

नवमीला अकराच्या सुमाराला सर आले. सोबत फोटोग्राफर आणि पूजेचं ताट घेतलेले हंबीरमामा, आमचे शिपाई. स्टुलावरची हत्यारं बघून सरांनी नाक मुरडलं. जुन्या सोल्डरगनचा फोटो कोण छापणार. ते सरळ पट्टा ओलांडून आत आले आणि बोर्डाचा धातूचा डबा पुढ्यात ओढून म्हणाले, ह्याचं झाकण काढा, डब्याची काय पूजा करायची. स्फटिक तेवढा नशिबानं कोरड्या कपाटात होता. बोर्ड मात्र उघडा पडला.

त्या बोर्डावर जिथं स्फटिकाची तार येते तिथं शंभर कोटी ओहमचा एक रोधक आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. शंभर कोटी ओहम म्हणजे विजेला जवळपास बंदच दार. तिथं बोटाचा घाम लागला तरी त्यातून वीज पाझरते आणि कालवा वाढतो. म्हणून आम्ही हातमोजे घालतो, म्हणून तोंडाला फडकं बांधतो.

मुबशिरा पुढं झाली. तिनं सांगितलं की सर, उघड्या बोर्डावर काही पडायला नको, झाकणावर पूजा करूया. सरांनी तिच्याकडं बघितलंही नाही. फोटोग्राफरकडं बघत म्हणाले, “तुम्हाला तसं वाटणारच.”

‘तुम्हाला’ म्हणजे कोणाला, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मुबशिरा मागं सरकली. तिला मग एक शब्द बोलायची सोय राहिली नाही.

सोय माझी होती. मी कुंकू लावणारी, उपास करणारी. मी नको म्हटलं असतं तर सरांना तेच उत्तर देता आलं नसतं. पण माझं मौन होतं. पेन एप्रनच्या खिशात, एप्रन खुंटीला. मी सरांच्या समोर गेले आणि दोन्ही हात जोडले. नको, पाया पडते, नको. सर खूश झाले. त्यांना वाटलं ताई नमस्कार करतायत. “बघा, ताईंनाही राहवलं नाही,” असं म्हणून त्यांनी चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू बोर्डावर सोडलं. फोटो नीट आला नाही म्हणून परत एकदा सोडलं. मग टेबलाच्या कडेवर नारळ फोडला.

एक शब्द बोलले असते तर व्रत मोडलं असतं आणि बोर्ड वाचला असता. मी व्रत वाचवलं. सरांबद्दल मला जे वाटतं ते मी पुढं सांगणारच आहे, पण त्या दिवशी घरी नैवेद्य दाखवताना मला स्वतःबद्दल जे वाटलं तेही त्याहून फार चांगलं नव्हतं. देवी काय माझ्या जिभेवर पहारा ठेवून बसली होती?

दसऱ्याला फोटो छापून आला. पुढं सरांचा हात फक्त मनगटापर्यंत, कारण फोटोग्राफरनं सरांचा चेहरा चुकून कापला होता. आणि मागं मी, हात जोडलेली, डोळ्यात पाणी. बघणाऱ्याला वाटावं की भक्तीनं वितळतेय. सर चेहरा कापल्याबद्दल दिवसभर त्या फोटोग्राफरला शिव्या देत होते. नंतर त्यांना त्याच कापण्याचा उपयोग सुचला.

वरची पूड झटकून झाकण तेव्हाच लावलं होतं; दसऱ्याची सुट्टी झाल्यावर शुक्रवारी बोर्ड चालू केला. नऊशे चाळीस इलेक्ट्रॉन. मुबशिरानं तारा तपासल्या, बॅटरी बदलली, परत मोजलं. नऊशे साठ. मी भिंग लावलं. रोधकाच्या पोटाखाली लाल ओल बसली होती आणि तिला नारळाचा वास होता. मी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की नारळाचं पाणी आणि कुंकू शिरलंय, धुतलं की जाईल.

सर म्हणाले, “नारळाच्या पाण्यानं पित्त जातं, ताई. इलेक्ट्रॉन नाही जात.”

आणि हसले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असलेला माणूस हे बोलला. पोस्टग्रॅज्युएटच्या पोरांना हाच माणूस गळतीचा प्रवाह शिकवतो, दरवर्षी त्याच वहीतून. मग गंभीर होऊन म्हणाले की दोष मूळ रचनेतच असणार, विद्यार्थ्यांचं काम शेवटी विद्यार्थ्यांचंच, मी समितीला तसं पत्र तयार करतो, तयार बोर्ड घेतला की कुणाला काही विचारावं लागत नाही. बोर्डाला कोणी हात लावायचा नाही. एवढं बोलून ते नृसिंहवाडीला दर्शनाला जायच्या तयारीला लागले, शनिवार-रविवार जोडून.

ते दत्ताच्या दर्शनाला गेले आणि आम्ही बोर्ड धुतला.

हे काम सोपं नाही. हळद स्पिरिटमध्ये विरघळते आणि जिथं नव्हती तिथंही पसरते; पहिल्या धुण्यात अख्खा बोर्ड हळदीला बसलेल्या नवरीसारखा पिवळा झाला. मुबशिरा रडायच्या बेताला आली. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर पट्ट्याबाहेर जाऊन रड, खारं पाणी आहे ते. ती रडता रडता हसली. दुसरं धुणं, तिसरं धुणं, मऊ ब्रश, मग शुद्ध पाणी, मग मंद भट्टीत सहा तास. रविवारी दुपारी मोजलं तर एकशे एक्कावन्न आले. परत मोजलं, एकशे एकोणपन्नास. मुबशिरा म्हणाली, “ताई, झालं की ओ,” आणि खुर्चीत बसून राहिली.

सोमवारी सकाळी आलेख सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते पाहिले, आणि मला वाटतं त्यांना ते कळले. कारण रागावण्याऐवजी ते गोड झाले. आम्हा दोघींना बसायला सांगितलं. म्हणाले, परवानगीशिवाय धुतलाय, तेव्हा माझ्या सहीशिवाय हे आकडे समितीला चालणार नाहीत. सही मी देतो. फक्त शुक्रवारचे नऊशे चाळीस मी समितीला कळवून बसलोय; मध्ये काय झालं, बोर्डावर हे आलं कुठून, ते समिती विचारणार. तेव्हा ताईंनी सांगायचं की पूजा ताईंनीच केली. फोटोत ताईच दिसतायत. साध्या, देवभोळ्या बाई; लोक हसतील आणि सोडून देतील. माझं नाव आलं तर विभागाचं नाव जातं.

मी म्हटलं, हंबीरमामा होते तिथं, त्यांना विचारा कोणी केली. हंबीरमामा दारातच उभे होते, चहा घेऊन. म्हणाले, “मला काय इचारू नका ताई, माझं बीपी हाय.” आणि कप ठेवून गेले.

बाहेर आल्यावर मुबशिरानं माझा हात धरला. मला वाटलं होतं ती म्हणेल, माझ्यासाठी खोटं बोलू नका. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, “बोला की ताई. काय जातंय? खरं काय ते वरच्याला ठाव हाय की.”

मला तिचा राग आला नाही. साडेतीन वर्षं तिनं त्या तांदळाच्या दाण्यावर घालवली होती. खोटं न बोलणं हा माझा रोजचा नेम आहे. पण सगळे नेम माझे, आणि त्यांची किंमत दरवेळी तिनंच का मोजायची? मौनाची एकदा मोजलीच होती. मी ठरवलं की हो म्हणायचं. घरी जाऊन प्रायश्चित्त करता येईल. आणि सरांची ती गोड सही मिळवायला एवढं पुरे होतं.

बैठक बारा वाजता पडद्यावर सुरू झाली. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, केस पांढरे, कपाळावर विभूतीची बोटं. त्यांनी आधी मुबशिराला बोलू दिलं. वीस मिनिटं ती बोलली, आणि पहिली पाच सोडली तर एकदाही अडखळली नाही. मग त्यांनी विचारलं की शुक्रवारी नऊशे चाळीस आणि रविवारी एकशे एक्कावन्न, मध्ये काय झालं?

सरांनी गळा साफ केला. फोटो पडद्यावर लावला. म्हणाले की आमच्या टेक्निशियन बाई फार श्रद्धाळू आहेत, शिक्षण बेताचं, त्यांनी भावनेच्या भरात यंत्राची पूजा केली. तेवढ्यावर थांबले असते तर काम झालं होतं. पण फुशारकी मारायची सवय असलेल्या माणसाला खोटंसुद्धा नेमकं बोलता येत नाही. त्याला त्यात भर घालावी लागते. सर पुढं म्हणाले, “खरं म्हणजे विद्यार्थिनी तिथं हजर होती. तिनं अडवायला हवं होतं. जबाबदारीची जाणीव नाही, हे मलाही मान्य करावं लागेल.”

अडवणारी त्या खोलीत एकटी तीच होती.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, ही पूजा तुम्ही केली का? माझं इंग्रजी कामापुरतं आहे. त्या दिवशी ते पुरलं.

मी म्हटलं, “नाही. हळदकुंकू सरांनी टाकलं, दोनदा. नारळ सरांनी फोडला. मुबशिरानं नको म्हणून सांगितलं, तिला गप्प बसवलं. मी हात जोडलेत ते नमस्काराला नाही, टाकू नका म्हणून. माझं मौन होतं. बोलायला पाहिजे होतं, ती चूक माझी. बाकीची त्यांची.”

सर ‘ताई, ताई’ म्हणत पडद्याचा आवाज बंद करायचं बटण शोधत होते. ते त्यांना सापडलं नाही. आवाज न करणारं यंत्र बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख.

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. कुंकू सोडणाऱ्या मनगटावर सोन्याचं जाड कडं होतं आणि बाहीवर कफलिंक. माझ्या दोन्ही हातात हिरवा चुडा. त्यांनी ते नीट पाहून घेतलं. कोणत्या स्पिरिटनं धुतलं, किती वेळा, भट्टी किती अंशावर, एवढं मला विचारलं आणि लिहून घेतलं. मग निर्णय सांगितला. बोर्ड बंगळूरला येऊ द्या, इथं आम्ही स्वतः मोजू. मुबशिरानं स्वतः घेऊन यायचं. आणि बोर्डासोबत एक फॉर्म येईल. स्वच्छ बोर्डावर परका पदार्थ पडला तर कोणता, किती, कुठं आणि कोणी टाकला, हे ज्यानं टाकला त्यानं स्वतःच्या हातानं भरून सही करायची. तो फॉर्म नसेल तर बोर्ड दारातून आत घेणार नाही, आणि विभागाचे पुढचे प्रस्तावही नाहीत.

ही शेवटची ओळ सरांसाठी होती. सत्य त्यांना कधी लागलं नाही, पण प्रस्ताव लागतात.

बोर्ड बंगळूरला एकशे बावन्न भरला. ते नंतरचं, बुधवारचं. सोमवारी मात्र मुबशिराची बस संध्याकाळी साडेपाचची होती आणि चार वाजले तरी सरांच्या खोलीचं दार बंद होतं. मुबशिरा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिनं दोनदा घड्याळ बघितलं, माझ्याकडं नाही. मी खरं बोलून तिची बस चुकवतेय की काय, हे आम्हा दोघींच्याही मनात होतं.

सव्वाचारला सर फॉर्म घेऊन प्रयोगशाळेत आले. माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसले. पेन काढलं, नाव लिहिलं, पद लिहिलं. ते सवयीनं सुंदर अक्षरात आलं. ‘पदार्थ’ या रकान्याशी थांबले.

शेवटी वर न बघता विचारलं, “कुंकवात काय असतं?”

मी सांगितलं, “हळद, चुना, आणि हल्लीच्या बाजारच्या कुंकवात रंग.”

त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, “आणि मात्रा? मात्रा काय लिहू?”

“चिमूटभर. गुणिले दोन.”

“दोन कशाला?”

“दुसरी फोटोसाठी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हळू आवाजातच बोलले होते, माझा आवाज चढत नाही. मग डॉ. उदयसिंहांनी ‘दोन’ लिहिलं, ‘नारळाचे पाणी, अंदाजे’ असं लिहिलं, आणि ‘कोणी टाकला’ या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, यावेळी बारीक, वाचता येणार नाही असं. मी कागद त्यांच्याकडं परत सरकवला आणि म्हटलं, सर, हे बंगळूरला वाचता आलं पाहिजे.

त्यांनी ते खोडून परत लिहिलं. मुबशिरानं शाई वाळायचीही वाट बघितली नाही, कागद उचलून ती बसला पळाली.